कॅरोलाइन लुकस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या निवडणुकांचा विषय निघाला की ग्रीन पक्षाबद्दल प्रश्न येतात, आणि ग्रीन पक्षाबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून कॅरोलाइन लुकस यांच्याशीच येऊन थांबतात. साडेसहाशे जणांच्या सभागृहात पक्षाची एकच खासदार, तीही सलग चौदा वर्षं. तिने तिथे बसून नेमकं केलं काय? खालची काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या चुकल्या असं जिथे वाटतं, तिथे तसंही लिहिलं आहे.

एवढ्या दुरून हे सगळं सांगायचं, तर आधी त्या कोण ते तरी सांगा.

इंग्लंड आणि वेल्सच्या ग्रीन पक्षाच्या माजी नेत्या आणि हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आलेल्या त्या पक्षाच्या पहिल्या खासदार. जन्म ९ डिसेंबर १९६०, वुस्टरशर परगण्यातल्या मॉल्व्हर्नचा. १९९९ ते २०१० युरोपीय संसदेत, २०१० ते २०२४ ब्रिटिश संसदेत. मतदारसंघ ब्राइटन पॅव्हिलियन.

इंग्रजी साहित्यात पीएचडी केलेली बाई पर्यावरणाच्या राजकारणात आली कशी?

घरातून तर अजिबात नाही. घर हुजूर पक्षाला मत देणारं, वडिलांचा घरांना हीटिंग बसवून देण्याचा छोटा व्यवसाय. एक्सेटर विद्यापीठात त्या इंग्रजी साहित्य शिकल्या आणि पीएचडीसाठी विषय घेतला तो पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांचा. त्या कथा कोणासाठी लिहिल्या जात होत्या आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक म्हणून कोणती बाई होती, असा तो शोध. वरवर बघता याचा हवामानाशी काही संबंध नाही. पण आपलं बोलणं कोणापर्यंत पोचतं आणि कोणापर्यंत पोचत नाही, याचं भान त्यांच्या भाषणांत कायम दिसलं. ते तिथूनच आलं असावं, असं मला वाटतं.

त्याच काळात इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या अमेरिकी लष्करी तळाबाहेर बायकांनी मुक्काम ठोकला होता. तिथल्या क्रूझ क्षेपणास्त्रांना विरोध करायला हजारो बायका येत होत्या, त्यांत लुकसही जात. पुढे अमेरिकी लष्करी तळांविरुद्धच्या 'स्नोबॉल' मोहिमेत त्या सामील झाल्या. तळाच्या कुंपणाची तार कापायची आणि अटक झाली तर होऊ द्यायची, असं त्या मोहिमेचं साधं स्वरूप होतं.

पक्षात येण्याचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. १९८६ साली त्यांनी पर्यावरणवादी जोनाथन पॉरिट यांचं 'सीईंग ग्रीन' हे पुस्तक वाचलं. शांतता, स्त्रियांचे प्रश्न, पर्यावरण हे सगळे धागे त्यात एकत्र आले होते. पुस्तक संपल्यावर त्यांनी फोनच्या डिरेक्टरीत ग्रीन पक्षाचा पत्ता शोधला. लंडनमधल्या क्लॅपमला, त्यांच्या घरापासून जवळच, पक्षाचं कार्यालय निघालं. त्या चालत तिथे गेल्या आणि काहीतरी काम द्या म्हणाल्या. वर्षभरात त्या पक्षाचं प्रसिद्धीचं काम बघू लागल्या होत्या.

ग्रीन पक्ष तेव्हा नवाच होता का?

नाव नवं होतं, पक्ष नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॉव्हेंट्रीतल्या मूठभर लोकांनी 'पीपल' या नावाने तो सुरू केला. पुढे तो इकॉलॉजी पार्टी झाला आणि १९८५ मध्ये ग्रीन पार्टी. १९९० मध्ये स्कॉटलंडचे ग्रीन वेगळे झाले. म्हणूनच 'इंग्लंड आणि वेल्सचा' असं लांबलचक नाव लावावं लागतं.

खासदार होण्याआधीची वर्षं?

१९८९ पासून दहा वर्षं त्या ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत होत्या. आधी प्रसिद्धी विभागात, नंतर आशियाचं काम, मग व्यापार आणि गुंतवणुकीच्या धोरणावर सल्लागार. १९९३ ते १९९७ ऑक्सफर्डशरच्या काउंटी कौन्सिलमध्ये निवडून आलेल्या सदस्य. १९९९ मध्ये ब्रिटनने युरोपीय निवडणुकांसाठी पहिल्यांदाच प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी, वापरली आणि आग्नेय इंग्लंडमधून साडेसात टक्क्यांच्या आसपास मतांवर त्या निवडून आल्या. २००४ आणि २००९ मध्ये पुन्हा.

युरोपीय संसदेतलं त्यांचं एक काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. २००१ साली त्यांनी अन्नाच्या अदलाबदलीवर एक अहवाल काढला. त्यात एक साधा हिशेब होता. १९९७ मध्ये ब्रिटनने १२.६ कोटी लिटर दूध बाहेरून आणलं आणि त्याच वर्षी २७ कोटी लिटर दूध बाहेर पाठवलं. दूध तेच. ट्रक आणि जहाजं तेवढी दोन्ही दिशांनी डिझेल जाळत राहिली. मुक्त व्यापाराबद्दल त्यांचा आक्षेप काय, हे समजून घ्यायला हे एकच उदाहरण पुरतं. जे जवळ पिकतं ते आधी जवळच विकलं जावं आणि व्यापाराचे नियम त्याला आडवे येऊ नयेत, ही त्यांची भूमिका तेव्हापासून बदललेली नाही.

पहिली जागा ब्राइटनलाच का मिळाली?

आधी नावाविषयी, कारण त्यात आपलाही एक धागा आहे. 'पॅव्हिलियन' म्हणजे चौथ्या जॉर्ज राजाचा समुद्राकाठचा राजवाडा. त्यावर जॉन नॅश या वास्तुविशारदाने हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. पहिल्या महायुद्धात १९१४ ते १९१६ या काळात याच वाड्यात फ्रान्सच्या आघाडीवरून आलेल्या जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. जे वाचले नाहीत त्यांपैकी हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. १९२१ साली तिथे संगमरवरी छत्री उभारली, आजही तिला 'छत्री'च म्हणतात. ब्राइटनला गेलात तर तेवढी चढण जरूर चढा.

आता राजकारण. ब्राइटन हे विद्यार्थ्यांचं, कलावंतांचं, समलिंगी समाजाचं, मोकळ्या विचारांचं शहर आहे. पण तेवढ्याने जागा येत नाही. ग्रीन पक्षाने तिथे वर्षानुवर्षं वॉर्डावॉर्डांत, दारोदार काम केलं. २००५ मध्ये पक्षाचे कीथ टेलर यांनी याच मतदारसंघात २२ टक्के मतं मिळवली होती आणि ते तिसरे आले होते. म्हणजे जमीन नांगरली त्यांनी. पुढच्या निवडणुकीसाठी पक्षांतर्गत निवड झाली तेव्हा उमेदवारी लुकस यांना मिळाली. ६ मे २०१० रोजी त्या १,२५२ मतांनी जिंकल्या, एकूण मतांपैकी ३१ टक्के घेऊन. म्हणजे दहांतल्या जवळपास सात जणांनी त्यांना मत दिलेलं नव्हतं. नंतरचे आकडे बघा: २०१५ मध्ये मताधिक्य आठ हजारांच्या जवळ, २०१७ मध्ये चौदा हजारांच्या वर, २०१९ मध्ये एकोणीस हजारांहून जास्त आणि मतांचा वाटा ५७ टक्के. पक्षाची लाट देशात कुठेच नसताना एका बाईचं मताधिक्य दर वेळी वाढत गेलं. गल्लीतल्या माणसाला ती आपली वाटल्याशिवाय असं होत नाही.

लाखो मतं मिळूनही पक्षाला एकच जागा का?

पद्धत आपल्यासारखीच आहे म्हणून. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं हिशेबातून गेली. २०१५ चा निकाल ब्रिटनमध्ये आजही उदाहरण म्हणून देतात. ग्रीन पक्षांना साडेअकरा लाखांहून जास्त मतं पडली, जागा एक. युकिप या युरोपविरोधी पक्षाला ३८ लाखांहून जास्त, जागा तीही एकच. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख, जागा ५६, कारण त्यांची मतं एकाच भूभागात एकवटलेली. त्याही आधी, १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ग्रीन पक्षाला जवळपास १५ टक्के मतं मिळाली होती आणि जागा शून्य.

आपल्याकडे २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून जास्त मतं मिळून लोकसभेत एकही जागा मिळाली नाही, ते आठवा. लुकस प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी प्रत्येक व्यासपीठावरून करत आल्या. युकिपच्या मतदारांवरही याच पद्धतीने अन्याय झाला, हे त्यांनी उघडपणे म्हटलं. ज्यांच्या विचारांना आयुष्यभर विरोध केला त्यांच्या मताचीही किंमत राखायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग एकटीने संसदेत केलं तरी काय?

मोठ्या पक्षाच्या खासदाराला व्हिप असतो. कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूला जायचं ते त्याला सांगितलं जातं आणि बरेच जण न वाचताच जातात. लुकस यांना सांगणारं कोणी नव्हतं. प्रत्येक मतदानाआधी विधेयक त्यांनी स्वतः वाचायचं, दुरुस्त्या समजून घ्यायच्या, मग ठरवायचं. निवडून आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी संसदेच्या कामकाजात काय बदल हवेत यावर एक टिपण काढलं. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मतदान म्हणजे खासदार उठून दोनपैकी एका दालनातून चालत जातात आणि तिथे त्यांची मोजणी होते. एका मतदानाला पंधरा मिनिटं तरी जातात. बटण दाबून मत नोंदवा, दुरुस्तीचा अर्थ सोप्या भाषेत छापून द्या, अशा त्यांच्या सूचना होत्या. बटणाची सूचना आजवर मानली गेलेली नाही.

पहिल्याच भाषणात, २७ मे २०१० रोजी, त्यांनी ट्रॅफिग्युरा या कंपनीचं नाव घेतलं. आयव्हरी कोस्टमध्ये टाकल्या गेलेल्या विषारी कचऱ्याचं हे प्रकरण होतं. सभागृहात बोललेल्या शब्दांवर खटला भरता येत नाही आणि या संरक्षणाचा उपयोग बाहेर दाबल्या जाणाऱ्या गोष्टी बोलण्यासाठीच करायचा असतो, हे त्यांनी पहिल्या दिवशीच दाखवून दिलं. पहिलं भाषण गोडगोड करायचा तिथला रिवाज आहे. मतदारसंघाचं कौतुक त्यांनीही केलं, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

जून २०१३ मधला प्रसंग बऱ्याच जणांनी पाहिला असेल. माध्यमांतल्या स्त्रियांच्या चित्रणावर चर्चा होती आणि त्या 'नो मोअर पेज थ्री' असं लिहिलेला टीशर्ट घालून उभ्या राहिल्या. 'द सन' या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर रोज उघड्या छातीच्या मुलीचं छायाचित्र छापलं जाई, त्याविरुद्धची ती मोहीम. अध्यक्षांनी त्यांना जाकीट घालून टीशर्ट झाकायला सांगितलं. त्यांनी झाकला, आणि विचारलं की हा टीशर्ट सभागृहाच्या शिष्टाचारात बसत नाही, पण हेच वर्तमानपत्र संसदेच्या आवारात आठ ठिकाणी विकत मिळतं, ते कसं चालतं? २०१५ च्या सुरुवातीला त्या दैनिकाने ती प्रथा बंद केली. श्रेय मोहीम चालवणाऱ्या मुलींचं. पण त्यांचा प्रश्न सभागृहात नेणारं कोणीतरी लागतं, ते काम लुकस यांनी केलं.

बाकी कामांची यादी मोठी आहे. रेल्वे पुन्हा सार्वजनिक मालकीची करण्यासाठी आणि सरकारी आरोग्यसेवेतलं खासगीकरण मागे घेण्यासाठी त्यांनी खासगी विधेयकं आणली. सप्टेंबर २०२० मध्ये हवामान आणि परिसंस्थेच्या आणीबाणीचं विधेयक मांडलं. यांतलं एकही मंजूर झालं नाही. खासगी विधेयकं सहसा होतच नाहीत. तरीही 'रेल्वे सरकारने परत घ्यावी' हे वाक्य २०१३ मध्ये वेडगळ समजलं जात होतं आणि २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने नेमका तोच कायदा केला. शाळेत निसर्गाभ्यास हा दहावीच्या तोडीचा स्वतंत्र विषय असावा, ही निसर्गलेखिका मेरी कॉलवेल यांची मोहीम त्यांनी संसदेत लावून धरली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने तो जाहीरही केला. तिथून पुढे काम रेंगाळलं. झाडापक्ष्यांची नावंच ठाऊक नसलेली पिढी त्यांना वाचवणार कशी, हा त्यामागचा प्रश्न आपल्याकडच्या शाळांनाही लागू आहे.

त्यांना अटक झाली होती, ते प्रकरण काय?

ऑगस्ट २०१३. वेस्ट ससेक्समधल्या बाल्कम गावाजवळ क्वाड्रिला ही कंपनी तेलासाठी चाचणी विहीर खोदत होती. पुढे तिथे फ्रॅकिंग होईल, म्हणजे खडकात दाबाने पाणी आणि रसायनं सोडून तेल किंवा वायू काढला जाईल, अशी गावाला धास्ती होती. १९ ऑगस्टला लुकस इतर निदर्शकांबरोबर रस्त्यावर बसल्या आणि पोलिसांनी त्यांना उचललं. आरोप दोन: रस्ता अडवणं आणि पोलिसांचा आदेश मोडणं. १७ एप्रिल २०१४ रोजी ब्राइटनच्या न्यायालयाने त्यांना आणि त्यांच्यासोबतच्या चौघांना निर्दोष सोडलं.

खासदाराने कायदा मोडावा का, असं मला बरेच जण विचारतात. त्यांचं म्हणणं असं की पत्रं, प्रश्न, चर्चा असे सगळे मार्ग त्यांनी आधी वापरून पाहिले होते. मला त्यांचं पटतं. ज्या बाईने तरुणपणी कुंपणाची तार कापली तिने खासदार झाल्यावर ती गोष्ट लपवली नाही आणि सोडलीही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग थांबवलं. २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ती बंदी उठवली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या ऋषी सुनक यांनी परत घातली.

पक्षाशी कधी वाद झाला नाही का?

झाला, आणि तोही घरच्या अंगणात. २०११ मध्ये ब्राइटनच्या कौन्सिलमध्ये ग्रीन पक्षाची सत्ता आली, देशात पहिल्यांदाच. २०१३ मध्ये भत्त्यांच्या फेररचनेमुळे काही सफाई कामगारांचा पगार घटणार होता. कामगार संपावर गेले, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. लुकस कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, स्वतःच्याच पक्षाच्या कौन्सिलविरुद्ध. पक्षाला हा घरचा आहेर जड गेला, २०१५ मध्ये कौन्सिलची सत्ताही गेली. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते तो झाडूवाला होता, आणि पर्यावरणाचं राजकारण झाडूवाल्याच्या विरोधात गेलं तर ते कोणासाठी उरतं?

त्यांचे मुख्य विचार कोणते?

सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे: मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ शक्य नाही. राष्ट्रीय उत्पन्न वाढलं म्हणजे देश सुखी झाला, हे गणित त्यांना मान्य नाही. 'वाढीच्या मर्यादा' या विषयावर त्यांनी संसदेत सर्वपक्षीय गटाचं काम केलं.

दुसरी गोष्ट 'ग्रीन न्यू डील'. ही कल्पना अमेरिकेतल्या अलीकडच्या राजकारणातून आली असं आता वाटतं. पण २००८ मध्ये बँका कोसळत असताना लंडनमध्ये अर्थतज्ज्ञ आणि कार्यकर्त्यांच्या एका छोट्या गटाने त्याच नावाने आराखडा मांडला होता, त्या गटात लुकस होत्या. घरांना उष्णतारोधक अस्तर घाला, सौर आणि पवनऊर्जेत सरकारी पैसा ओता, त्यातून रोजगार निर्माण करा आणि बँकांना वेसण घाला. इंग्लंडमधल्या जुन्या घरांतून हिवाळ्यात किती ऊब बाहेर निसटते, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. गरिबाचं वीजबिल आणि हवामान एकाच कामातून सुधारतं, हा त्यांचा युक्तिवाद आजही भक्कम आहे. २०१९ च्या जाहीरनाम्यात पक्षाने त्यासाठी दहा वर्षं दरवर्षी १०० अब्ज पौंडांचं आश्वासन दिलं, आणि निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं साल ठेवलं २०३०. सरकारी कायद्यातलं साल २०५० आहे.

अण्वस्त्रांना त्यांचा ठाम विरोध, अणुऊर्जेलाही. खर्च आणि वेळ दोन्ही फार लागतात, तोवर पवनचक्क्या उभ्या राहतील, असं त्या म्हणतात. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. चालू असलेल्या अणुभट्ट्या घाईने बंद केल्या तर त्यांची जागा कोळसा आणि वायू घेतात, ही अडचण त्यांच्या मांडणीत पुरेशी येत नाही. युरोपच्या बाबतीत मात्र त्यांनी कधीच डळमळीत भूमिका घेतली नाही. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने प्रचार, हरल्यावर दुसऱ्या सार्वमताची मागणी.

पक्षाचं नेतेपद दोनदा का सोडलं?

२००८ पर्यंत ग्रीन पक्षाला नेताच नव्हता, एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन मुख्य प्रवक्ते असत. सदस्यांनी मतदान करून नेतेपद निर्माण केलं आणि सप्टेंबर २००८ मध्ये लुकस पहिल्या नेत्या झाल्या. २०१२ मध्ये दुसऱ्यांना पुढे येता यावं म्हणून त्या बाजूला झाल्या, नॅटली बेनेट आल्या. २०१६ मध्ये जोनाथन बार्टली यांच्यासोबत त्यांनी जोडीने नेतृत्व घेतलं आणि २०१८ मध्ये परत सोडलं.

त्यांची सर्वांत मोठी चूक कोणती?

माझ्या मते ऑगस्ट २०१९ ची. करार न करता युरोपीय संघातून बाहेर पडणं थांबवायला त्यांनी वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रियांचं आणीबाणीचं मंत्रिमंडळ सुचवलं. यादीतली प्रत्येक बाई गोरी होती. डायन अॅबट यांच्यासारख्या, तीन दशकांहून जास्त काळ खासदार असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचंही नाव त्यांना सुचलं नाही. टीका झाली आणि त्यांनी सरळ माफी मागितली. माफी खरी होती. तरी पहिल्या यादीत जे राहून गेलं त्याची नोंद ठेवायलाच हवी.

२०२४ ला उभ्या का राहिल्या नाहीत? जागा तर खात्रीची होती.

८ जून २०२३ रोजी मतदारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारण दिलं. मतदारसंघाची कामं आणि पक्षाची एकमेव खासदार असण्याचा भार यांत हवामान आणि निसर्गाच्या संकटाला हवा तेवढा वेळ देता येत नाही. म्हणजे ज्यासाठी संसदेत गेल्या त्याच कामाला संसदेत वेळ मिळेना. हे पत्र वाचून वाईट वाटलं होतं. एका खुर्चीवर किती ओझं टाकलं होतं, ते त्यातून कळतं.

त्यांच्या जागी सियन बेरी जिंकल्या. शिवाय कार्ला डेनियर, एड्रियन रॅमसी आणि एली चाउन्स मिळून ग्रीन खासदार एकावरून चार झाले. त्यांतल्या दोन जागा तर शेतीवाडीच्या, पूर्वी हुजूर पक्षाच्या भागातल्या. लुकस ससेक्स विद्यापीठात पर्यावरणीय शाश्वततेच्या प्राध्यापक झाल्या.

माझी मुलगी ब्राइटनला शिकते, भारतीय पासपोर्टवर. तिला तिथे मत देता येतं का?

हो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या सर्व निवडणुकांत मताचा हक्क आहे, संसदेच्याही. वय १८ पूर्ण हवं आणि मतदारयादीत नाव हवं. नोंदणी ऑनलाइन होते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक विचारतात, पण तो नसला तरी दुसरे पुरावे देऊन अर्ज करता येतो. मतदारसंघ राहत्या पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे घर बदललं की पुन्हा नोंदणी करायची. केंद्रावर छायाचित्र असलेलं ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. तिला सांगा, नोंदणीची मुदत मतदानाच्या आधीच संपते, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.